दुपारी सुरू होणारी गाडी

फियाट 1100 ही मूळची तुरीनची. आल्प्सच्या पायथ्याचं हे शहर, जानेवारीत पहाटे पारा शून्याखाली गेला तर तिथे कुणाला त्याचं नवल वाटत नाही. तशा पहाटेला रस्त्यावर उभी राहणारी, आणि तशाच पहाटेला सुरू होणारी ही गाडी वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समुळे आपल्याकडे आली आणि कुर्ल्यात तयार होऊ लागली. 1964 च्या सुमारास ती डिलाइट झाली, 1974 पासून पद्मिनी झाली. नावं बदलली, 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन मूळचंच राहिलं. म्हणून पुण्यात पारा नऊ-दहावर उतरला आणि पद्मिनी सुरू होईना, की ‘थंडीमुळे’ हे उत्तर मला पटत नाही. हे इंजिन याहून कितीतरी वाईट पहाटा पाहून इथे आलेलं आहे. पुण्याच्या डिसेंबरमध्ये ते अडून बसत असेल, तर आत कुठेतरी काहीतरी आधीच थकलेलं असतं. थंडी ते फक्त उघड करते.

जुन्या गाड्या बाळगणारी माणसं हिवाळ्यात भेटली की ठरलेली तक्रार ऐकू येते. सकाळी गाडी सेल्फवर सेल्फ खाते, बॅटरी रडकुंडीला येते, शेजारचे खिडकीत येतात आणि शेवटी दोघं-तिघं मिळून धक्का मारतात. दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला की गाडी उचलते. त्यानंतर दिवसभर अर्ध्या सेल्फवर सुरू होते. भाजी घ्यायला थांबा, बँकेत जाऊन या, काही तक्रार नाही. माझ्या 1984 च्या पद्मिनीचं अगदी हेच चाललं होतं. तिच्या निमित्ताने या रोगाकडे नीट बघायला शिकलो, आणि तेच इथे सांगायचं आहे.

आधी आत काय होतं ते पाहू. पेट्रोल पातळ असताना पेटत नाही, त्याची वाफ पेटते. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 14.7 ग्रॅम हवा लागते. इंजिन गरम असतं तेव्हा पेट्रोलची वाफ होते आणि हे प्रमाण जमून येतं. गार इंजिनात मात्र पेट्रोलमधला हलका भाग तेवढा वाफ होतो. उरलेलं मॅनिफोल्डच्या आणि सिलिंडरच्या गार भिंतींवर ओलं होऊन चिकटून राहतं. त्यामुळे कार्ब्युरेटरने दिलेल्या पेट्रोलपैकी थोडंच कामाला येतं, आणि ती तूट भरून काढायला कितीतरी जास्त पेट्रोल आत सोडावं लागतं. चोक असतो तो यासाठी. बहुतेक कार्ब्युरेटरांत चोक ओढला की तोंडाशी हवेची वाट आवळली जाते आणि जेटमधून पेट्रोल जोरात खेचलं जातं. काही सोलेक्समध्ये मात्र अशी झडप नसते, थंडीसाठी वेगळी वाट आणि वेगळा जेट असतो. तिथे सेल्फ मारताना ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नसतो, कारण थ्रॉटल उघडला की त्या जेटवरची ओढच निघून जाते. पाय पंप केल्याशिवाय गाडी सुरू होत नाही असं मानणारे कितीतरी लोक रोज सकाळी स्वतःच्याच गाडीची वाट अडवत असतात. आपल्या गाडीला कोणता कार्ब्युरेटर आहे, हे ज्याने त्याने एकदा बॉनेट उघडून पाहून ठेवावं.

पेट्रोल झालं, आता ठिणगी. इथे एक जुनी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग नावाच्या माणसाने बॅटरी, कॉईल आणि पॉइंट यांवर चालणारी ठिणगीची व्यवस्था बसवली, ती 1910 च्या कॅडिलॅकमध्ये आली. दोनच वर्षांनी, 1912 मध्ये, त्याच कॅडिलॅकला त्याने विजेचा सेल्फ दिला. तोवर हँडल मारून गाडी सुरू करायची. इंजिनाने उलटा झटका दिला की हँडल मारणाऱ्याचं मनगट मोडायचं. सेल्फने ती दहशत संपवली, हे मोठेच उपकार झाले. पण त्या दिवसापासून ठिणगी आणि सेल्फ एकाच बॅटरीच्या जिवावर आले. सेल्फ शंभर-दोनशे अँपिअर ओढतो, कॉईलला तीन-चार पुरतात. गार सकाळी इंजिनातलं ऑइल घट्ट झालेलं असतं, त्यामुळे सेल्फला जास्त जोर लागतो. त्याच वेळी बॅटरी गारठ्याने थोडी मंद असते. म्हणजे सेल्फ सगळ्यात जास्त ओढतो त्याच क्षणी कॉईलला सगळ्यात कमी व्होल्ट मिळतात, आणि नेमकं तेव्हाच तिला ओल्या, अर्धवट वाफ झालेल्या मिश्रणात ठिणगी टाकायची असते. धक्का मारला की गाडी लगेच सुरू होते, त्याचं कारण इथे आहे. धक्क्यात सेल्फ बाजूला राहतो आणि बॅटरीतली सगळी ताकद कॉईलला मिळते. धक्क्यावर पटकन उठणारी गाडी बरंच काही सांगून जाते, ऐकणारा हवा.

माझ्या गाडीचं कुणी ऐकलं नाही, ही माझी तक्रार आहे. घराजवळच्या एका गॅरेजमध्ये मी तिला नेली. तिथे नवी बॅटरी घातली, नवे प्लग घातले, मग कॉईल बदलली. प्रत्येक वेळी गाडी त्यांच्या दारात सुरू करून दाखवली, आणि ती सुरू झालीही, कारण मी ती चालवतच तिथे नेलेली होती आणि दुपारचे बारा वाजलेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मूळपदावर. त्यांनी फसवलं असं मी म्हणणार नाही. पण तपासणी न करता भाग बदलत जाणं ही आता सरसकट झालेली रीत मला मनापासून खटकते. त्या बदलाबदलीत कॉईल गेली ती कुर्ल्याच्या काळातली मूळची होती. तिच्यात काहीही बिघाड नव्हता, आणि तशी आता मिळत नाही.

सकाळच्या स्टार्टिंगचा रोग अवघड आहे तो यंत्र गुंतागुंतीचं आहे म्हणून नाही. या रोगाचा पुरावा दिवसातून मिनिटभरच हजर असतो. इंजिनाने पहिला श्वास घेतला की तो नाहीसा होतो. मॅनिफोल्ड तापतं, फ्लोट चेंबर भरतो, ऑइल पातळ होतं, डायनॅमो किंवा अल्टरनेटर बॅटरी भरू लागतो. मग दुपारी कितीही हुशार माणसाने बॉनेटमध्ये डोकं घातलं तरी त्याला निरोगी गाडी दिसणार.

हे मला भवानी पेठेतल्या एका वयस्कर मिस्त्रींनी सांगितलं. नाना पेठेत सुट्या भागांसाठी हिंडताना एका दुकानदाराने त्यांच्याकडे पाठवलं होतं. मी दुपारी गाडी घेऊन गेलो, तर ते बॉनेटसुद्धा उघडायला तयार नाहीत.

“साहेब, दुपारी आणलेली गाडी दुपारचंच सांगणार. संध्याकाळी आणा, रात्री इथंच राहू द्या.”

एवढं म्हणून त्यांनी मला प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि ते प्रश्न मी आजही जपून ठेवले आहेत. पहिल्या सेल्फला इंजिन किती जोरात फिरतं, दुपारी फिरतं तसंच की कण्हत? सेल्फ मारताना पेट्रोलचा वास येतो का? कधी येतो, लगेच की खूप वेळाने? मधूनच एखादा सिलिंडर पकडून सोडून देतो का? सुरू झाल्यावर धूर असतो का, काळा की निळा? रात्रभर उभी राहिली तर त्रास होतो, पण चार तास उभी राहिली तर? यातल्या प्रत्येक उत्तराने एक दार बंद होतं आणि दुसरं उघडतं. इंजिन नेहमीच्या जोमाने फिरतं पण पेट्रोलचा वास नाही, म्हणजे पेट्रोल पोचत नाही. वास भरपूर आणि प्लग ओले, म्हणजे पेट्रोल आहे पण करंट नाही, किंवा गाडी ओव्हर झाली आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, निळा म्हणजे ऑइल जळतंय. तीन सिलिंडरवर लंगडत सुरू होऊन मिनिटभराने सुधारते, म्हणजे आधी टॅपेटकडे बघायचं. टॅपेट घट्ट बसले असतील तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि कॉम्प्रेशन जातं. सुरू होते, पण चोक आत ढकलला की लगेच मरते, म्हणजे कुठूनतरी एअर घेतेय, मॅनिफोल्डचं पॅकिंग तपासायचं. माझं उत्तर होतं: वास येतो, पण फार उशिरा. तोवर सेल्फ कण्हायला लागलेला असतो.

“म्हणजे दोन दुखणी आहेत,” ते म्हणाले. पान्याला हात लावण्याआधी.

संध्याकाळी त्यांनी काय केलं ते मी जवळ उभं राहून पाहिलं. टाकीकडून पेट्रोल पंपाकडे येणाऱ्या नळीत, पंपाच्या अगदी तोंडाशी, वीतभर पारदर्शक नळी जोडली. इंजिन थोडा वेळ चालवलं. नळी पिवळसर पेट्रोलने काठोकाठ भरली, एक बुडबुडा नाही. इंजिन बंद केलं. मग कार्ब्युरेटरचं झाकण खोलून खराट्याचा एक स्वच्छ हीर फ्लोट चेंबरमध्ये बुडवला, जिथपर्यंत ओला झाला तिथे नखाने खूण केली आणि हीर खिशात ठेवला. झाकण बसवलं. बॅटरीचे व्होल्ट मोजले, 12.6, म्हणजे पूर्ण भरलेली. हायड्रोमीटरने सहाही सेल बघितले, सगळे जवळपास सारखे. एवढं करून ते घरी गेले.

सकाळी साडेसहाला आम्ही दोघं परत तिथे. त्यांनी किल्ली मला दिलीच नाही. आधी नळी पाहिली. नळी कोरडी होती, तळाशी पेट्रोलची एक ओली रेघ तेवढी. झाकण खोलून तोच हीर परत बुडवला. काल नखाची खूण होती, तिच्या निम्म्याच्याही खाली ओल लागली. इंजिन बंद केल्यावर त्याची धग कार्ब्युरेटरला लागून फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल थोडं उडून जातं, ते प्रत्येक जुन्या गाडीत होतं. पण पंपापर्यंतची नळी भरलेली असेल तर पहिल्या काही फेऱ्यांतच ती तूट भरून निघते. इथे नळीतलं पेट्रोल रात्रीतून टाकीकडे परत गेलं होतं. पद्मिनीची टाकी मागे आणि खाली, पंप पुढे इंजिनाला. पंपाचा व्हॉल्व्ह थकला किंवा रबरी नळीला केसाएवढी चीर गेली, की तिथून हवा शिरते आणि पेट्रोल आपल्या उताराने मागे जातं. मग सकाळी अख्ख्या गाडीच्या लांबीएवढं पेट्रोल ओढून आणायचं काम त्या इवल्या डायफ्रॅमवर येतं, आणि तो डायफ्रॅम चालतो इंजिन फिरेल तेव्हाच. म्हणजे पेट्रोलची सगळी वाहतूक सेल्फच्या खर्चाने.

मग मीटर. सेल्फच्या टोकाला आणि इंजिनाच्या ब्लॉकला मीटर लावून सेल्फ मारला तर व्होल्ट 9.4 पर्यंत उतरले. चांगल्या बॅटरीचे तिथे साडेदहाच्या आसपास पोचायला हवेत. आता मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं थेट इंजिनाच्या ब्लॉकला लावलं. तिथे खरं म्हणजे काहीच दिसायला नको, फार तर 0.2 व्होल्ट. काटा 0.9 वर गेला. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे त्याचं बॉडीशी नातं फक्त अर्थिंगच्या एका विणलेल्या पट्टीने असतं. तो बोल्ट खोलला तर वॉशरखाली हिरवा थर आणि त्याखाली गंज. नवी बॅटरी, नवी कॉईल, नवे प्लग सगळे या हिरव्या थराच्या पलीकडे बसून होते.

इथे कुणीही दोन्ही गोष्टी एकदम दुरुस्त करून टाकल्या असत्या. मिस्त्रींनी तसं केलं नाही. त्यांनी सिरिंजने फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल भरलं, झाकण बसवलं, चोक ओढला आणि किल्ली फिरवली. अर्थिंग तसंच गंजलेलं. गाडी लगेच सुरू झाली. म्हणजे पेट्रोल जागेवर असेल तर थकलेल्या ठिणगीनेही भागत होतं. त्या रात्री त्यांनी उलटं केलं: अर्थिंग घासून लखलखीत केलं, पण पंप तसाच ठेवला. दुसऱ्या सकाळी सेल्फ जोमाने, बराच वेळ फिरत राहिला, आणि गाडी उशिरा का होईना सुरू झाली, धक्का न मारता. दोन्ही दुखणी खरी होती. एकेकटं असतं तर मला कळलंही नसतं. दोन्ही एकत्र आली आणि तिसरी थंडी. पेट्रोल पोचायला वेळ लागत होता, त्या वेळात बॅटरी उतरत होती, आणि पेट्रोल येईपर्यंत ठिणगी गेलेली असायची. एका रात्रीला एकच बदल करायचा, ही त्यांची शिस्त मला डॉक्टरकीइतकी मोलाची वाटते. त्यानंतर पंपाचा व्हॉल्व्ह आणि डायफ्रॅम बदलला, नळ्या बदलल्या, पॉइंट पॉलिश पेपरने साफ करून फिलर घालून सोळा थाऊवर, म्हणजे इंचाच्या सोळा हजारांशांवर, लावले. सगळा खर्च त्या अनाठायी बॅटरीच्या निम्म्याहून कमी.

नळीच्या चिरांबद्दल थोडं बोलायला हवं, कारण तो प्रश्न आता एकट्या माझ्या गाडीचा राहिलेला नाही. 2023 पासून पंपांवर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं आणि 2025 पर्यंत ते जवळजवळ सगळीकडे झालं. उसाला भाव मिळतो, तेलाची आयात कमी होते, ते मी नाकारत नाही. पण कुर्ल्याच्या कारखान्यात बसवलेलं रबर या इंधनासाठी बनवलेलं नव्हतं. इथेनॉलने ते फुगतं, कडक होतं, चिरतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर ते पाणी वेगळं होऊन तळाशी बसू शकतं, आणि सकाळच्या पहिल्या सेल्फला जेटच्या तोंडाशी नेमकं तेच येतं. शिवाय इथेनॉलला वाफ होण्यासाठी पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, म्हणजे आधीच गार असलेलं मॅनिफोल्ड ते आणखी गार करतं. शुद्ध इथेनॉल पूर्ण जळायला हवाही पेट्रोलपेक्षा कमी लागते, नऊ भागांच्या आसपास, त्यामुळे जुन्याच जेटमधून हे मिश्रण गेलं की इंजिनाला ते पातळ पडतं. जुनी गाडी ठेवणाऱ्याने नळ्या आणि डायफ्रॅम इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घालून घ्यावेत, आणि हिवाळ्यात टाकीत जुनं पेट्रोल साठवून ठेवू नये.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. गाडी सुरू होत नाही म्हणून कार्ब्युरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतून सेल्फ मारणारे लोक मी पाहिले आहेत. इंजिनाने बॅकफायर केला तर तोंडातून ज्वाळा बाहेर येते आणि जवळच पेट्रोलची बाटली हातात धरून माणूस उभा असतो. हे कधीही करू नका. फ्लोट चेंबर भरून, झाकण आणि एअर फिल्टर जागेवर बसवून मगच सेल्फ मारायचा.

मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला 20 वर्षांची मुदत, म्हणून ऑक्टोबर 2023 अखेर काळ्या-पिवळ्या पद्मिनी रस्त्यावरून गेल्या. त्या हजारो टॅक्सींवर जगणारे, कान लावून टॅपेटचा आवाज ओळखणारे, थाऊच्या हिशोबात बोलणारे मिस्त्रीही आता त्यांच्याबरोबर पांगले. पुढच्या पिढीतले फिटर कमी हुशार आहेत असं मला वाटत नाही. त्यांच्या हातातल्या गाड्या वेगळ्या आहेत. आजच्या गाडीतला संगणक सकाळी सहाला झालेली गडबड साठवून ठेवतो आणि दुपारी स्कॅनर लावला की सांगून टाकतो. पद्मिनी काहीच लक्षात ठेवत नाही. तिच्या बाबतीत ते मालकाने लक्षात ठेवायचं असतं, आणि तेवढं केलं तर आजचा तरुण फिटरसुद्धा तिला बरी करू शकेल.

तेव्हा तुमच्या दारात डिलाइट, पद्मिनी, अँबॅसिडर किंवा कुठलीही कार्ब्युरेटरची गाडी असेल आणि ती सकाळी छळत असेल, तर आधी काही विकत घेऊ नका. एका वहीत पहिल्या मिनिटात काय झालं ते लिहा: सेल्फ कसा फिरला, वास कधी आला, धूर कसला होता. मग ती वही आणि गाडी दोन्ही आदल्या संध्याकाळी मिस्त्रींकडे सोडून या, आणि त्यांना विनंती करा की सकाळी तुम्ही येईपर्यंत त्यांनी किल्ली फिरवू नये.